स्वातंत्र्याचा विचार घरात शिरायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निर्यातबंदी, बाजार समित्या आणि सरकारची व्यापारातली ढवळाढवळ यांवर आपल्या दैनिकात अधूनमधून लेख येतात. त्यातलं बहुतेक मला पटतं. मी चांदवड तालुक्यात कांदा पिकवते. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा नुकताच निघू लागला होता. लिलाव बंद पडले आणि आमच्याकडची माणसं मुंबई-आग्रा महामार्गावर जाऊन बसली. शेतकऱ्याच्या मालावरून सरकारने हात काढावा, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको.

माझी भाची पुण्यात शिकते. तिच्या अभ्यासगटातली मुलं याच विचाराची आहेत. खुला व्यापार, मालमत्तेचा हक्क, सरकार लहान असावं, असं सगळं ती पोटतिडकीने मांडतात. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने मला विचारलं, "मावशी, आमचं म्हणणं खरं असूनही लोकांना ते कोरडं आणि श्रीमंतांच्या सोयीचं का वाटतं?" तिला तेव्हा थोडक्यात सांगितलं होतं. हे पत्र तिच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यात एकदा खराखुरा लोकांचा झाला होता. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने तो 1959 पासून देशभर मांडला. 1967 च्या लोकसभेत त्यांचे 44 खासदार होते, पण आमच्याकडच्या गावांत त्या पक्षाचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. मग पुढे शेतकरी संघटना उभी करणारे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. 1980 मध्ये आधी चाकणला आणि नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा-उसासाठी रस्ते आणि रेल्वे अडल्या. तेव्हा लोकांच्या छातीवर संघटनेचा लाल बिल्ला आला आणि तोंडी 'भीक नको, हवे घामाचे दाम' आलं. ज्या माणसाने अर्थशास्त्राचं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं, तो सांगू लागला की मला अनुदान नको, कर्जमाफीचे उपकार नकोत, माझा माल मला विकू द्या. जगातल्या फार थोड्या ठिकाणी गरीब शेतकरी असं म्हणत रस्त्यावर उतरला असेल.

हे कसं घडलं, ते मी घरात बसून पाहिलं आहे. जोशी साहेबांनी हा विचार आमच्याकडे आधीच असलेल्या गोष्टींत शोधला. पाडव्याला ओवाळताना आमच्याकडे बायका म्हणतात, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' महात्मा फुल्यांनी त्या बळीला मान दिला होता आणि संघटनेने तोच धागा धरला. शिवाजी महाराजांना ते रयतेचं पीक राखणारा राजा म्हणून पाहत. चिपळूणकडे छावणीला असलेल्या आपल्याच लष्कराला महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, भाजी फुकट उचलू नका, जे हवं ते बाजारात जाऊन विकत घ्या, नाहीतर रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल, असा त्याचा मतलब. राज्यकर्त्याने स्वतःच्या माणसांना घातलेली इतकी स्पष्ट मर्यादा मला दुसरीकडे वाचायला मिळालेली नाही. भाचीच्या गटाने परदेशी विचारवंत जरूर वाचावेत, पण गावात बोलायला उभं राहताना हातात हे पत्र असावं.

तरीही नुसत्या बळीराजाने आणि महाराजांच्या पत्राने बायका जमल्या नसत्या. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. मी नवी सून होते, सासूबाईंबरोबर गेले. लाखाच्या घरात बायका आल्या होत्या, कडेवर मुलं, फडक्यात भाकरी. ज्या सासूबाई माहेर आणि रेणुकामातेचं देऊळ सोडून कुठे गेल्या नव्हत्या, त्या तिथे अनोळखी बायकांशी शेतातल्या कामाचा आणि हातात कधीच न पडणाऱ्या पैशाचा हिशेब बोलत बसल्या.

त्यानंतर काही वर्षांनी आलेली संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम मला सगळ्यात मोलाची वाटते. कारभाऱ्यांना विचारलं गेलं की, आपल्या लक्ष्मीला सरकारच्या ताब्यातून सोडवा म्हणता, मग घरातल्या लक्ष्मीच्या नावावर काय आहे? जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कायद्याची सक्ती नव्हती, सरकारी योजना नव्हती, बक्षिसाची रक्कम नव्हती. आमच्याकडे सासऱ्यांनी विहिरीजवळची जमीन सासूबाईंच्या नावे केली. फेरफार मंजूर झाल्यावर त्यांनी तो सातबारा देव्हाऱ्यात ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. मालमत्तेचा हक्क म्हणजे काय, ते आमच्या घराला त्या दिवशी कळलं. पुढे जमीन विकायचा विषय निघाला तेव्हा सासूबाई 'नाही' म्हणाल्या आणि ते 'नाही' टिकलं.

म्हणून भाचीला मी सांगते, तुमचा विचार लोकांना आपला वाटायचा असेल तर त्यात त्यांना स्वतःच्या हाताने करता येईल असं काहीतरी हवं, आणि त्याची सुरुवात घरातून हवी. ज्या मुलीला स्वतःच्या पसंतीने लग्न करू देत नाहीत, ज्या सुनेला मोबाइलवर कुणाशी बोललीस हे विचारलं जातं, तिला बाजाराच्या स्वातंत्र्याचं कौतुक कसं वाटेल? ज्या वस्तीतल्या माणसाला गावात दुकान टाकलं तर गिऱ्हाईक जातीमुळे फिरकत नाही, त्याच्याशी आधी त्या अडवणुकीबद्दल बोला. शहरात पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवालीचा माल उचलून नेतात, तेव्हा तिच्या बाजूने पहिल्यांदा तुम्ही उभे राहायला हवं. धंद्याचं स्वातंत्र्य तिच्याइतकं कुणालाच निकडीचं नाही, आणि तिच्या बाजूने तुम्ही दिसत नाही म्हणून तर तुम्ही श्रीमंतांचे वाटता.

2020 चे शेती कायदे आठवा. बाजार समितीबाहेर माल विकण्याची मुभा मला हवीच होती आणि आजही हवी आहे. पण ती वटहुकमाने, कुणाशी न बोलता आली. तिची बाजू मांडणारे दूरदर्शनच्या पडद्यावर कार्यक्षमता आणि गुंतवणूक यांवर बोलत होते. विरोधात दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांचा लंगर होता, गुरुबाणी होती, ट्रॉलीत झोपणाऱ्या आज्या होत्या, जुलमाशी लढल्याच्या पिढ्यांच्या आठवणी होत्या. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण त्यांच्यापुढे मान झुकली. नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले गेले, आणि मुभा हवी असणाऱ्या आम्हा लाखो शेतकऱ्यांच्या बाजूने ना गाणं होतं ना पंगत.

याउलट जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोळी जहांगीरला संघटनेच्या पाइकांनी बंदी असलेलं कपाशीचं बियाणं दिवसाढवळ्या, जाहीर करून पेरलं. गुन्हे दाखल होणार हे ठाऊक असताना माणसं तिफणीमागे उभी राहिली. शेतकऱ्याला बियाणं निवडायचा हक्क आहे, हे त्या पेरणीने जितक्या लोकांपर्यंत नेलं, तितकं कुठल्याही परिसंवादाने नेलं नसतं.

या विचाराच्या तरुणांना माझी विनंती आहे की व्याख्यानांबरोबर लक्ष्मीमुक्ती पुन्हा हाती घ्या. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला एकट्या सीतेचं मंदिर आहे. जोशी साहेबांनी त्याचा जीर्णोद्धार करवला. तिथे मुलामुलींना घेऊन जा आणि टाकलेल्या बाईच्या हक्काबद्दल बोला. आमच्या गावात आम्ही काही बायका येत्या बलिप्रतिपदेला महाराजांचं ते पत्र चावडीवर वाचणार आहोत. त्याच दिवशी ज्यांना पत्नीच्या किंवा मुलीच्या नावे जमीन करायची आहे त्यांचे कागद तिथेच भरून घेऊ. निवृत्त तलाठीभाऊंनी मदत कबूल केली आहे. भाचीच्या गटातली मुलं येणार असतील तर त्यांनी चार दिवस आधी यावं, कारण जुने उतारे आणि वारसनोंदी तपासायला माणसं कमी पडणार आहेत.

आपली,
एक कांदा उत्पादक शेतकरी महिला,
ता. चांदवड, जि. नाशिक