क्लासची लिंक स्टेटसला कशाला?

संपादक महोदय, नमस्कार.

माझी पोरगी पाचवीत आहे, नवोदयची तयारी चालू आहे. आमच्या गावात क्लास नाही म्हणून तालुक्याच्या एका सरांचा ऑनलाइन क्लास लावला, संध्याकाळी सात ते साडेआठ. मोबाइल घरात एकच, माझा, तर तेवढा वेळ तो तिच्याकडं.

मागच्या आठवड्यात कोणीतरी क्लासमधल्याच एका पोराचं नाव टाकून आत शिरलं आणि स्क्रीन शेअर करून घाण व्हिडिओ लावला. सर बिचारे बंद कुठून करायचं तेच शोधत राहिले, तोवर सगळे पोट्टे पाहतच होते. माझ्या पोरीनं फोन गोधडीवर पालथा घातला अन् गप बसली. मला एक शब्द बोलली नाही, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून कळलं. विचारलं तर म्हणते, बाबा तुम्ही फोनच काढून घेतला असता. व्हिडिओपेक्षा हे मला जास्त लागलं.

आता तो माणूस आत आला कसा, तर सरांनी फ्री डेमो म्हणून लिंक व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकली होती अन् रोजच्या क्लासला पण तीच लिंक. क्लास ज्या झूम अॅपवर चालतो त्या झूमनं २०२० च्या एप्रिलमध्येच फुकटवाल्या अकाउंटला वेटिंग रूम (सरांनी घेतल्याशिवाय कोणी आत येत नाही) अन् पासवर्ड आपोआप चालू करून दिले होते, म्हणजे सोय आहे, पण एकेकाला आत घ्यायला वेळ जातो म्हणून बंद करून ठेवतात. स्क्रीन शेअर फक्त सरांकडं ठेवायचं ही एका बटणाची गोष्ट आहे. आणि क्लास सुरू व्हायच्या आधी हजेरी घेतली तर एकाच नावाचे दोन पोट्टे लगेच सापडतात, गुरुजी शाळेत घेतातच ना.

दुसरं, कॅमेरा चालूच पाहिजे ही सक्ती. सर, आमचं घर दोन खोल्यांचं आहे. पोरगी ओसरीत बसली की मागं न्हाणी दिसते, तिला दार नाही, पडदा आहे. माझी आई वावरातून येऊन हातपाय धुते ते चाळीस घरांत दिसतं. प्रश्न विचारून पण कळतं ना पोरगं लक्ष देतं की नाही.

ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या २०२० च्या प्रज्ञाता सूचनांमधे पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोनच तास सांगितले होते, ते तर आता कोणाच्या लक्षातही नाही.

पालकांनी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पोरांना पाठ करून द्यावा, अन् असं काही झालं तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देता पण तक्रार करता येते. पोरांवर चिडू नका फक्त.

सरांना मी फोन केला होता, पाहतो म्हणाले. आज रविवार, लिंक अजून स्टेटसलाच आहे.

एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ