सुपीरियरची फेरी चार दिवसांत बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात मुलांकडे मिनिआपोलिसला किंवा शिकागोला जाणारी आणि तिथे बाइक भाड्याने घेऊन अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर या सरोवराला वळसा घालू पाहणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात. त्यांचा बेत बहुधा एका भागाकारावर उभा असतो. एकूण अंतर सुमारे २,१०० किलोमीटर, रोजचे पाचशे, म्हणजे चार दिवस. हा हिशेब अंगाशी येतो. ही फेरी आठ दिवसांची आहे, आणि नववा दिवस पावसासाठी हातात ठेवावा.

पहिले कारण गारठा. या सरोवराचे क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जास्त. पाण्याचे वर्षभराचे सरासरी तापमान ४ अंशांच्या आसपास. भर जुलैतही मिनेसोटातल्या डुलुथ शहराच्या वरच्या भागात घाम फुटतो आणि खाली किनाऱ्यावर उतरताच जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते. जूनमध्ये दमट उबदार हवा या गार पाण्यावर आली की धुके धरते आणि ते थेट रस्त्यावर सरकते. हवा १० अंश असताना ताशी ९० किलोमीटरने चालवले, तर वाऱ्यामुळे अंगाला ४ अंशांची थंडी लागते. अशा दोन-तीन तासांत बोटे बधिर होतात आणि क्लच-ब्रेकवरचा अंदाज सुटतो. म्हणून आत लोकरी किंवा फ्लीसचा थर, बाहेर वारा अडवणारे जाकीट, त्यावर वेगळा रेनसूट आणि हातमोज्यांचे दोन जोड हवेतच. एक जोड भिजला की तो दिवसभर वाळत नाही. बॅटरीवर चालणारे गरम जाकीट वापरायचे तर ते साधारण ६ अँपिअर ओढते. गरम ग्रिप्स आणि जादा दिवे त्याच जोडीला लावले तर लहान बाइकचा अल्टरनेटर पुरा पडत नाही आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावी. तिथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे पाणी कायम आपल्या बाजूला राहते आणि फोटोसाठी थांबताना समोरून येणाऱ्या ट्रकची लेन ओलांडावी लागत नाही. डावीकडून चालवायची सवय मुरलेल्यांसाठी ही बाब फार मोलाची आहे. चूक होते ती बहुतेक वेळा पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा लागताना.

डुलुथ ते थंडर बे सुमारे ३०० किलोमीटर, रस्ता सोपा, वाटेत १९१० चे स्प्लिट रॉक दीपगृह. खरी कसोटी थंडर बेच्या पुढे, कॅनडाच्या बाजूला. निपिगॉननंतर हायवे १७ हाच काय तो किनाऱ्याचा रस्ता. अपघाताने तो बंद पडला तर जवळचा पर्याय नाही. वळसा शेकडो किलोमीटरचा. जानेवारी २०१६ मध्ये निपिगॉन नदीवरच्या नव्या पुलाचा भाग वर उचलला गेला, तेव्हा कॅनडाचा पूर्व-पश्चिम रस्ताच तुटला होता. टेरेस बे ते मॅरॅथॉन सुमारे ८० किलोमीटर, पुढे व्हाइट रिव्हर ९५, वावा आणखी ९३, आणि वावा ते सू सेंट मेरी २२५. या शेवटच्या टप्प्यात पंप मोजके, काही संध्याकाळी लवकर बंद होणारे, आणि बराच पट्टा मोबाइलला रेंज नसलेला. १४ लिटरची टाकी आणि २० चे अ‍ॅव्हरेज धरून २८० किलोमीटर निघतील असे कागदावर दिसते, पण सामान, समोरचा वारा आणि चढ यांत ते सहज दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. वावाला टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय निघूच नये. इतरत्र अर्धी टाकी झाली की भरायची. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

पंपावर ८७ हा आकडा पाहून दचकू नये. तिथे ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजतात. आपल्या पद्धतीने मोजलेले ९१ तिथल्या साधारण ८७ च्या तोडीचे. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवी मूठ डिझेलची असते, तिकडे नीट पाहावे. भारतीय कार्ड पंपावरच्या यंत्रात पिनकोड मागून अडते. आत जाऊन आधी पैसे दिले की काम होते.

मूस हा तिथला मोठा सांबरवर्गीय प्राणी, या प्रवासातला सर्वांत गंभीर धोका. रस्त्यावर टाकलेले हिवाळ्यातले मीठ कडेच्या चरात साचते, ते चाटायला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला रस्त्यालगत येतो. अंगाचा रंग गडद, पाय लांब, आणि डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर, त्यामुळे हरणासारखे ते चमकतही नाहीत. जुलैत तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि ‘अजून उजेड आहे’ म्हणून माणूस चालवत राहतो. संध्याकाळी सहा-सातला मुक्काम गाठलेला असावा. यासाठीच रोज अडीचशे-तीनशे किलोमीटर पुरे.

उन्हाळा हाच तिथे रस्तादुरुस्तीचा हंगाम. मध्येच सुटी खडी लागते. तिथे थ्रॉटल स्थिर ठेवावा, पुढचा ब्रेक दाबू नये. छोट्या गावांतली मोटेलेही कामगारांनी भरलेली असतात, खोल्या आधी राखाव्यात. सोबत ट्यूबलेस पंक्चरचे किट, १२ व्होल्टचा हवेचा पंप आणि चेनचा स्प्रे ठेवावा. पाऊस लागला की त्याच संध्याकाळी चेनला तेल.

कागदपत्रे तीन महिने आधी हाती घ्यावीत. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजा वेगळा लागतो आणि परत यायला अमेरिकेचा व्हिजा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेताना मोटरसायकलच्या वर्गावर शिक्का आहे ना, हे तिथेच पाहावे. नुसत्या कारच्या परवान्यावर विमा लागू होत नाही. भाड्याची बाइक सरहद्दीपार नेण्याची लेखी परवानगी आणि कॅनडात चालणारा विमा हेही मागून घ्यावे. मिनेसोटातून ऑन्टॅरिओत शिरताना घड्याळ एक तास पुढे जाते, तेव्हा पहिल्या दिवसाचे मोटेल त्या हिशेबाने सांगावे.

सू सेंट मेरीच्या पलीकडचा मिशिगनचा भाग सोपा, फक्त सेनी ते शिंगलटन हे ४० किलोमीटर जवळपास सरळ रेषेत आहेत आणि झोप आणतात. त्याआधी थांबून चहा-कॉफी घ्यावी. म्युनिसिंगच्या परिसरातल्या रंगीत कड्यांसाठी अर्धा दिवस द्यावा. हॉटनहून कॉपर हार्बरपर्यंतचा फाटा गाळू नये. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर वाढतात, पण वळणे सबंध फेरीत तिथलीच सर्वांत चांगली.

पर्यटन पुरवणीत अशा सहलींवर लेख छापताना सोबतच्या चौकटीत पंप असलेली गावे आणि त्यांच्यातली अंतरे द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, मिनिआपोलिस