तक्रार पत्र : उत्तरेची भिंत, ओकचा ओटा आणि कोठीतला दगड

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
किचन डिझाइन व फिटिंग

दिनांक : १० मार्च २०२५

विषय : कॉटेज पद्धतीच्या स्वयंपाकघराच्या कामातील गंभीर दोष व दुरुस्तीची मागणी

महोदय,
स.न.वि.वि.

पहिल्या भेटीपासून आपली सगळी बोलणी मराठीत झाली, म्हणून हे पत्रही मराठीतच लिहिते आहे. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे, कारण पुढे तिची गरज पडू शकते.

इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर तुमच्या माणसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण केलं. त्याचे २७,४०० पौंड आम्ही पूर्ण भरले आहेत. आज पाच महिन्यांनी उत्तरेच्या भिंतीला बुरशी आहे, ओटा सिंकच्या कडेने काळा पडला आहे आणि कोठीतला दगड घरातून गेला आहे. तुमच्या ऑफिसला मी तीनदा फोन केला, दोन ईमेल पाठवले. ‘हिवाळ्यात खिडकी थोडी उघडी ठेवा’ एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहिते.

आधी भिंत. आमचं घर विणकरांचं. या खोऱ्यांत लोकरीचं कापड विणलं जायचं, सैन्याच्या लाल डगल्यांचं कापड इथलंच, आणि घरं बांधली ती इथल्याच चुनखडीच्या दगडात. भिंत पावणेदोन फूट जाड आहे : बाहेर दगड, आत दगड, मध्ये खडी-मातीची भर आणि सगळं चुन्यात बांधलेलं. आजच्या घरांसारखी मधली पोकळी तिला नाही, पायात ओल अडवणारा थर नाही. पाऊस लागला की ही भिंत ओली होते आणि आतल्या-बाहेरच्या चुन्यातून हळूहळू वाळते. चुन्याचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देतो, म्हणूनच ही घरं टिकली. मी वाईच्या वाड्यात वाढले. दर दिवाळीआधी माझे काका चुना भिजवायचे आणि पावसाळ्यात भिजलेल्या भिंतींना हात देताना म्हणायचे, हिच्या अंगावर काही चिकटवू नका. म्हणून पहिल्याच भेटीत मी हा विषय काढला होता. तुमच्या डिझायनरनी भिंतीवर हात ठेवून सांगितलं होतं, “ताई, चुन्याला आम्ही हात लावणार नाही. पॅनेलिंग अस्सल लाकडाचं, मागे हवा खेळती ठेवू.” कोटेशनमध्येही ‘टंग-अँड-ग्रूव्ह लाकडी पॅनेलिंग, श्वास घेणारा खनिज रंग’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे एकमेकींत खाचेने अडकणाऱ्या लाकडी पट्ट्यांचं भिंतीवरचं आवरण.

जानेवारीत मांडणीच्या मागून ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. पोळपाट ठेवते त्या कोपऱ्यात पॅनेलची खालची कड फुगली होती. बोटांत धरली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी तुटून हातात आली. लाकूड असं तुटत नाही. तो एमडीएफ होता, म्हणजे लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड. गावातल्या एका अनुभवी गवंड्याला बोलावून त्याच्यासमोर दोन पट्ट्या काढल्या. मागचं दृश्य फोटो क्रमांक ४ ते ९ मध्ये आहे : जुना चुना दगडापर्यंत खरवडून काढलेला, त्या जागी सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, मग एमडीएफ आणि वर व्हिनाइलचा रंग. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि खाली तळहाताएवढे काळे डाग होते. म्हणजे श्वास घेणाऱ्या भिंतीला तुम्ही चार थरांत गुंडाळून ठेवलंत, आणि खिडकी मला उघडायला सांगता.

जुन्या भिंतींवर सिमेंट चढवू नये ही काही माझ्या डोक्यातून आलेली गोष्ट नाही. इंग्लिश कलावंत-लेखक विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, ती आजही घरमालकांना हेच सांगते. कॉटेजचं काम करतो म्हणून जाहिरात करणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असायलाच हवं.

या ओलीत भर घातली ती हूडने, म्हणजे शेगडीवरच्या धूर-वाफ ओढणाऱ्या यंत्राने. आमच्याकडे रोज फोडणी होते, डाळ-भात शिजतो, रविवारी तळण असतं. हे मी लेखी कळवलं होतं. जुन्या चुलीच्या कमानीत शेगडी बसवायची आणि वाफ वरच्या चिमणीतून थेट बाहेर काढायची असं ठरलं होतं. बसवलेला हूड मात्र कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत खोलीतच सोडतो. कोळसा वास शोषतो, वाफ शोषत नाही. कुकरच्या प्रत्येक शिट्टीची वाफ त्या गार भिंतीवर जाऊन बसते. डोक्यावर चिमणी मोकळी असताना असं का केलं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

आता ओटा. कोटेशनमध्ये बेलफास्ट सिंक आहे, आलं ते बटलर. दोन्ही पांढरी, खोल, भाजलेल्या मातीची, दिसायला जवळजवळ सारखी. पण बेलफास्टला जास्तीचं पाणी वाहून नेणारी वाट असते, बटलरला नसते. तुमचे फिटर म्हणाले, “एकच गोष्ट आहे.” डिसेंबरमध्ये पालेभाजी भिजत घातली, नळ बारीक चालू राहिला, आणि पाणी भरून ओट्यावर आलं. चूक माझी, नळ मी बंद करायला हवा होता. पण त्यासाठीच तर बेलफास्ट मागितलं होतं.

तेवढ्या पाण्यानेही चांगला ओटा बिघडला नसता. ओकमध्ये टॅनिन असतं, ओल आणि लोखंड भेटलं की ते काळं पडतं, हे कुठल्याही सुताराला माहीत आहे. सिंकसाठी ओटा कापला जातो तिथे लाकडाच्या रेषांची उघडी तोंडं वर येतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं. ती तोंडं बसवण्याआधी तेलाने भरून बंद करायची असतात. मी आरसा धरून खालून पाहिलं. कापलेली कड कोरी आहे, करवतीचे दात अजून दिसतात. काठाच्या खाली, थोडं आत, पाणी ठिबकून पडावं म्हणून एक बारीक खाच लागते, तीही नाही; त्यामुळे पाणी लाकडाच्या पोटाखालून मागे सरकतं आणि कपाटात उतरतं. स्क्रू साधे लोखंडी आहेत, आणि प्रत्येकाभोवती निळसर काळं वर्तुळ आहे. मी दर पंधरा दिवसांनी ओट्याला तेल लावत होते, तुमच्या पत्रकात सांगितलं तसंच. वरून कितीही तेल लावलं तरी खालची कोरी कड कशी वाचणार?

कपाटांची दारं चौकटीत बसवलेली आणि पितळी बिजागरीची ठरली होती, आली ती चौकटीवर टेकणारी. तो मुद्दा मी सोडून देते. तुमच्या सुताराने केलेली ताटांची मांडणी मात्र सुरेख आहे. आमची वाकडी भिंत आणि खाली आलेली तुळई, दोन्हींच्या रेषेला त्यांनी फळी इतकी नेमकी घासून बसवली आहे की कागदही आत जात नाही. त्यांना माझा निरोप द्या. सगळं काम त्यांच्याकडेच असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते कोठीचं. स्वयंपाकघराच्या उत्तरेला लहानशी कोठी आहे, तिथे भिंतीत बसवलेला साडेतीन फूट लांब दगडी कट्टा होता. फ्रिज नव्हते तेव्हा लोणी, दूध, मांस अशाच गार दगडावर ठेवायचे. वरच्या काठाला मधोमध एक गुळगुळीत खळगा पडला होता, भांडी सरकवून सरकवून झालेला. मागच्या जुलैत स्वयंपाकघरात २६ अंश होते तेव्हा त्या दगडावर १५ होते, मी मोजलं होतं. चक्क्याचं फडकं मी वरच्या खिळ्याला टांगायचे आणि पातेलं त्या दगडावर ठेवायचे. श्रीखंड कधी आंबट झालं नाही. तुमच्या ड्रॉइंगमध्ये कोठी ‘आहे तशी’ दाखवली आहे. आम्ही दोघंही कामावर होतो त्या दिवशी दगड उखडला गेला, स्किपमध्ये (बांधकामाच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत) टाकला गेला आणि त्या जागी फ्रिजचं कपाट उभं राहिलं. फिटर म्हणाले, दगडाला तडा होता. सप्टेंबर २०२४ चा फोटो जोडला आहे. तडा नाही. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतलं नाही, त्यामुळे दगड काढायला सरकारी परवानगी लागत नव्हती. माझी लागत होती.

ब्रिटनच्या ग्राहक हक्क कायदा, २०१५ प्रमाणे माल वर्णनाप्रमाणे असायला हवा आणि सांगितलेल्या वापराला योग्य असायला हवा, काम पुरेशा काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं. तुमच्या माणसाच्या ज्या शब्दावर विसंबून मी निर्णय घेतला, तो शब्दही कराराचाच भाग धरला जातो. म्हणून तुमच्या खर्चाने पुढील काम करून मिळावं. उत्तरेच्या भिंतीवरचे सगळे थर काढून, भिंत वाळू देऊन, जुन्या घरांचं काम जाणणाऱ्या गवंड्याकडून चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच रंग. ओट्याचा सिंककडचा भाग नवा, कडा तेलाने बंद करून, खालच्या खाचेसह, पितळी किंवा स्टेनलेस स्क्रूंनी. ठरलेलं बेलफास्ट सिंक. हूडची नळी चिमणीतून बाहेर. पॅनेलिंग करायचंच असेल तर लाकडाचं, आणि मागे हवा राहील असं.

चुन्याचं काम गोठत्या थंडीत करत नाहीत आणि एक थर सावकाश वाळल्याशिवाय दुसरा चढवत नाहीत, म्हणून मी घाई करत नाही. मात्र १४ दिवसांत तुमचा जबाबदार माणूस येऊन पाहणी करून जावा आणि ३१ मेपर्यंत काम पुरं व्हावं. तसं न झाल्यास मी किमतीत कपात मागेन. अनामत रक्कम क्रेडिट कार्डाने भरली असल्याने १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दावा करेन.

दगड कुठल्या स्किपवाल्याकडे गेला, कोणत्या तारखेला गेला आणि तिथे अजून आहे का, हे मात्र याच आठवड्यात कळवा. दगड मिळत असेल तर तो आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाईन. फोडून टाकला असेल तर तेही स्पष्ट लिहून कळवा.

आपली,
(सही)

सोबत : कोटेशन व ड्रॉइंगची प्रत, १७ फोटो, गवंड्याचा लेखी अभिप्राय, ईमेलच्या प्रती, या पत्राची इंग्रजी प्रत