तुमच्या नातवाच्या कॉलेजबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

नातू एकदम मोठ्या विद्यापीठात न जाता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जातो, हे ऐकून बाबा फोनवर गप्प झाले. ते मला लागलं. सगळं नीट सांगावं म्हणून हे पत्र.

कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. पदवीची पहिली दोन वर्षं तिथे करायची आणि उरलेली दोन विद्यापीठात, ही सोय १९६० सालच्या राज्याच्या शिक्षण आराखड्यातच आहे. पदवी विद्यापीठाचीच मिळते. त्याच्या डी अँझा कॉलेजात राज्यातल्या मुलांना एका युनिटला (युनिट म्हणजे क्रेडिट मोजायचं माप) ३१ डॉलर फी, म्हणजे १५ युनिटांच्या एका सत्राचे ४६५. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात शिकवणीचीच फी वर्षाला १४,००० डॉलरच्या वर, राहणं-जेवण निराळं. पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. बारावीनंतर त्याला काय शिकायचं हे कळत नव्हतं, आणि इथे त्याला ते शोधायला वेळ मिळाला. आता तो पीकशास्त्र म्हणतोय. आई, तुझ्या भावांच्या उसाच्या गप्पा कुठेतरी मुरल्या असणार!

बाबा, तुम्ही उभी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात केलीत. शिवाजी विद्यापीठातून पुण्याला जाणाऱ्या मुलांची मायग्रेशन सर्टिफिकेटं, एलिजिबिलिटीचे अर्ज तुमच्या हातून गेले. विषय जुळत नाहीत म्हणून कुणाचा अर्ज परत आला, की तुम्हाला त्या रात्री जेवण जात नसे. इथली खरी काळजी तीच आहे. विद्यापीठाने क्रेडिट मान्य केलं एवढ्याने भागत नाही. ते त्याच्या शाखेच्या सक्तीच्या विषयात धरतात का, हे आधी बघावं लागतं. नाही धरलं तर युनिटं खात्यावर दिसतात आणि विषय मात्र पुन्हा करावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं अख्खं वर्ष असं गेलं. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरतात, ते 'असिस्ट' नावाच्या सरकारी वेबसाइटवर दिलेलं असतं. दर सत्राच्या नावनोंदणीआधी तो ते उघडून बसतो. रसायनशास्त्राचे तीन भाग आहेत, ते तिन्ही एकाच कॉलेजात पुरे करायचे हेही त्याने ठरवलंय, कारण अर्धे इथे अर्धे तिथे केले की मधला भाग निसटायची भीती असते.

डेव्हिसला जायचं त्याच्या मनात आहे. ते विद्यापीठ सुरू झालं तेच शेतीच्या शिक्षणासाठी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा विद्यापीठं कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्या मुलांना लेखी हमी देतात : ठरलेले विषय, ठरलेले गुण आणि ९० क्वार्टर युनिटं (क्वार्टर म्हणजे सुमारे तीन महिन्यांचं सत्र) पुरी केलीत तर प्रवेश नक्की. बर्कले आणि लॉस एंजेलिस ती देत नाहीत, डेव्हिस देतं. हमीचा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो, आणि तो सप्टेंबरातच भरावा लागतो.

त्याच्या विषयांची यादी मराठीत लिहून सोबत पाठवतेय. बाबा, तुम्ही ती तपासा. रविवारी तो स्वतः फोन करेल, तेव्हा जे खटकेल ते त्यालाच विचारा. त्याला तुमच्याशी बोलायचंय.

आई, गुडघ्याचा व्यायाम सोडू नकोस.

तुमची,
मोठी