सातबारा कुणाच्या नावावर होता?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी रहस्यपटांवरचा लेख वाचला. नवऱ्याच्या कारस्थानात सापडलेल्या बायकांचे ते चित्रपट. लेख आवडला, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. इतकी शिकलेली, चांगल्या घरची बाई इतकी भोळी कशी, असं आजच्या मुलींना हे चित्रपट पाहून वाटेल, असा त्याचा भावार्थ. त्या वाक्याला उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. जागा कमी असेल तर चित्रपटांचा भाग कापा, माझ्या मावशीचा तेवढा ठेवा.

'गॅसलाइट' मी निवृत्तीनंतर पाहिला, मुलाच्या लॅपटॉपवर. पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ सालचं नाटक, त्यावर १९४० मध्ये इंग्लंडात एक चित्रपट झाला आणि १९४४ मध्ये जॉर्ज क्युकरनं हॉलिवूडमध्ये दुसरा केला. मी म्हणते तो हा दुसरा. इनग्रिड बर्गमनला त्यातल्या नायिकेच्या, पॉलाच्या, भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. गोष्ट आपल्या लेखात आलीच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पॉलाच्या मावशीचा (हो, तिथेही मावशीच) लंडनच्या घरात खून झालेला असतो. ते घर पॉलाच्या वाट्याला येतं. ज्याच्याशी ती लग्न करते, त्याला त्या घरात लपवलेलं मावशीचं जडजवाहीर हवं असतं. रोज संध्याकाळी तो कामाला म्हणून बाहेर पडतो आणि छपरावरून त्याच घराच्या माळ्यावर येऊन शोधाशोध करतो. माळ्यावर त्यानं दिवा लावला की खाली पॉलाच्या खोलीतली ज्योत मंद होते.

हे का होतं ते लेखात नव्हतं. घरातली गॅसची नळी एकच असते. एका टोकाला नवा दिवा पेटला की नळीतला दाब विभागला जातो आणि बाकीच्या ज्योती खाली बसतात. नागपूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मे महिन्यात कूलरचं बटण दाबलं की खोलीतला बल्ब क्षणभर मिटमिटतो, तसंच ते. आपण स्वयंपाकघरात असलो तरी बल्ब मिटमिटला की कळतं, आत कुणीतरी कूलर लावला. पॉलालाही तेच कळायला हवं होतं. पण ती विचारते तेव्हा प्रत्येक जण सांगतो, घरात दुसरा दिवा कुणी लावलेलाच नाही. मग मंद झालेली ज्योत हा तिच्या डोळ्यांचा दोष ठरतो. डोळ्यांनंतर डोक्याचा.

नवऱ्याची रीत फार बारकाईनं दाखवली आहे. तो तिला एक ब्रोच देतो, 'तू वस्तू हरवतेस' असं लाडानं बजावतो आणि तोच ब्रोच तिच्या पर्समधून काढून घेतो. भिंतीवरची तसबीर नाहीशी होते. मोलकरणींना बोलावून बायबलची शपथ घ्यायला लावतो, म्हणजे उरली फक्त पॉला. यातली एकही गोष्ट मोठी नाही. मारहाण नाही, आरडाओरडा फारसा नाही. ब्रोच, तसबीर, घड्याळ. 'भोळी कशी' असं विचारणाऱ्यांनी इथे थांबावं, असं मला वाटतं. माणूस आधी नवऱ्यावर संशय घेतो की आपल्या विसराळूपणावर? ज्याच्यासोबत एका ताटात जेवतो, तो आपला ब्रोच का चोरेल?

आता मावशी.

माझ्या आजोबांना मुलगा नव्हता. काटोलजवळची संत्र्याची बाग त्यांनी दोन्ही मुलींच्या नावावर करून दिली. मावशीच्या वाट्याला साडेतीन एकर आले. मावशी मॅट्रिक होती, घरचा सगळा हिशेब तिच्याकडे असायचा, वाणसामानाची यादी ती न लिहिता सांगायची. ती नागपूरच्या महाल भागात राहायची. मावसाजींनी तिला न विचारता बाग विकायचं ठरवलं, एका व्यापाऱ्याकडून इसारही घेऊन ठेवला. सही मात्र तिची लागणार होती, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव. ती म्हणाली, बाबांची बाग मी विकणार नाही. त्यावर मावसाजी काही बोलले नाहीत. तिला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर चाव्या हलायला लागल्या. लोखंडी कपाटाचा जुडगा ती देवघराच्या मागच्या खिळ्याला लावायची. तो कधी तांदळाच्या डब्यात सापडायचा, कधी न्हाणीघरातल्या कोनाड्यात. विझवलेली शेगडी ती परत येऊन बघायची तर पेटलेली. एकदा तिच्या पाटल्या आठ दिवस सापडल्या नाहीत आणि मग तिच्याच उशीखाली निघाल्या. मावसाजी शेजाऱ्यांना हळू आवाजात सांगायचे, 'आजकाल हिचं डोकं ठिकाणावर नसते.' घरात तिला म्हणायचे, 'अशीच करत राहिलीस तं पागलखान्यात टाकावं लागेल.'

नागपूरच्या वाचकाला या धमकीचा अर्थ सांगायची गरज नाही. छिंदवाडा रोडवरच्या त्या चौकाला अजूनही आपण पागलखाना चौकच म्हणतो. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून किती माणसं बरी होऊन आपल्या घरी गेली असतील, पण आपल्या शहरातल्या घराघरांत त्या इमारतीचं नाव धाकासाठी वापरलं गेलं. तिथल्या रुग्णांवरही तो अन्यायच होता.

मावशी आमच्याकडे आली की आईला विचारायची, 'मीच ठेवली असेन का गं तिथं?' ते मी ऐकलं आहे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती ती. पॉलाच्या तोंडून तसाच प्रश्न ऐकला तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

आई फार शिकलेली नव्हती, पण तिनं एक केलं. माझी चौथीतली अर्धी कोरी राहिलेली वही मावशीला दिली आणि म्हणाली, ठेवशील ते लिहीत जा. ती वही आज माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात पावकीचा पाढा आहे, तिसऱ्या पानापासून मावशीचं अक्षर सुरू होतं. 'सकाळी ९, चावी खिळ्याला. दुपारी ३, चावी तांदळात. मधे मी जिन्याखाली निवडत होते.' पुढच्या पानांवर अक्षर आधी वेडंवाकडं होत जातं, मग हळूहळू सरळ होतं. ते सरळ कधी झालं तेही मला माहीत आहे. भांडी घासायला येणाऱ्या बाईनं एक दिवस राख झटकत मावशीला सांगितलं, 'अवो बाई, चावी तं मालकानंच काढली. म्या पाह्यली नं.' त्या दिवशी मावशीनं वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे.

चित्रपटात हे काम जोसेफ कॉटन करतो, पोलीस खात्यातला माणूस. तो पॉलाच्या खोलीत उभा असताना ज्योत मंद होते आणि ती त्यालाही दिसते. बर्गमनचा चेहरा त्या क्षणी पाहावा. सुटका पुढे आहे, खुन्याला अटक पुढे आहे, पण ती बाई शुद्धीवर येते ती इथे. आपल्या लेखात हा प्रसंग नव्हता आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली.

मी एका बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली ९ वर्षं लॉकरच्या टेबलावर. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. सही बायकोची आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात, अशा जोड्या मी कितीतरी पाहिल्या. बहुतेक घरांत त्यात काही वावगं नसेल. तरी हे चित्रपट मी त्या टेबलामागच्या नजरेनं पाहते, आणि प्रत्येक वेळी मला पहिली एकच गोष्ट दिसते. मालमत्ता बाईची असते.

'गॅसलाइट'मध्ये घर पॉलाचं. हिचकॉकच्या 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये (१९५४) पैसा बायकोचा आणि टेनिस सोडलेला नवरा त्या पैशावर डोळा ठेवून तिच्या खुनाचा बेत आखतो. तिथलाही सगळा पेच एका दाराच्या किल्लीवर येऊन थांबतो, हे मला विशेष वाटलं. 'सडन फिअर'मध्ये (१९५२) जोन क्रॉफर्ड श्रीमंत नाटककार आहे आणि नवऱ्याचा डाव तिला तिच्याच ध्वनिमुद्रण यंत्रावर ऐकू येतो. 'मिडनाइट लेस' (१९६०) मध्ये डोरिस डे श्रीमंत घरातली. लंडनच्या धुक्यात तिला धमक्या ऐकू येतात आणि कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. दिग्दर्शक क्लूझोच्या फ्रेंच 'ले दियाबोलिक'मध्ये (१९५५) निवासी शाळा बायकोच्या मालकीची आणि तिचं हृदय दुबळं. त्याचा शेवट मी सांगणार नाही, कारण शेवट कुणाला सांगू नका अशी विनंती त्या चित्रपटातच आहे. आपल्या लेखात तो सांगितला गेला, ते योग्य झालं नाही.

'सस्पिशन' (१९४१) थोडा वेगळा. नवरा कर्जबाजारी, बायको सुखवस्तू घरातली आणि तो जिन्यावरून दुधाचा पेला घेऊन येतो. दूध अंधारात उजळून दिसावं म्हणून हिचकॉकनं पेल्यात दिवा बसवला होता. मूळ कादंबरीतला नवरा खरोखर खुनी आहे, चित्रपटात तसा शेवट केला नाही. मला तो शेवट पटत नाही. एवढं सगळं दाखवून झाल्यावर शंका हा बाईच्याच मनाचा खेळ होता असं सांगायचं, म्हणजे पुन्हा तिलाच वेड्यात काढायचं.

'वेड्यात काढणं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मेरियम-वेब्स्टर शब्दकोशानं २०२२ साली 'गॅसलाइटिंग' (याच 'गॅसलाइट'वरून आलेला, माणसाला स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावणं) हा वर्षाचा शब्द ठरवला आणि आपल्या पुरवणीतही तो आता दर आठवड्याला दिसतो. कुणी थापा मारल्या तरी गॅसलाइटिंग, मित्रानं फोन उचलला नाही तरी गॅसलाइटिंग. माझी आई वेड्यात काढणं म्हणायची आणि त्यातला 'काढणं' तिला नीट कळत होता. एखाद्या जमिनीतून माणसाला काढतात, घरातून काढतात, तसं शहाण्यांतून काढून वेड्यांत टाकायचं. वेड्याची सही कुणी मागत नाही आणि त्याची साक्ष कुणी धरत नाही.

आज कायदा मावशीच्या काळापेक्षा बराच पुढे आला आहे, तोही त्या लेखात यायला हवा होता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरला आहे, स्त्रीधन परस्पर विकणंही त्यात येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की एखाद्याला मानसिक आजार असल्याचं ठरलं, एवढ्यावरून त्याला विकल मनाचा मानता येत नाही, तसं सक्षम न्यायालयानं ठरवावं लागतं. घटस्फोटाच्या दाव्यातही नुसता आजार दाखवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. पुढच्या पुरवणीत एका चौकटीत एवढं छापा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती शहरातल्या चित्रपट मंडळांना. १९४४ चा 'गॅसलाइट' एकदा मोठ्या पडद्यावर दाखवा, आणि शेवटचा प्रसंग संपेपर्यंत दिवे लावू नका. खुर्चीला बांधलेला नवरा पॉलाला म्हणतो, सुरी आण, मला सोडव. ती सुरी हातात घेऊन म्हणते, मी तर वेडी आहे, मी तुला कशी मदत करणार? 'भोळी कशी' म्हणणाऱ्या आजच्या मुलींना हे ऐकू द्या.

मावशीनं सही केली नाही. ती त्याच वर्षी आमच्याकडे राहायला आली आणि पुढची सगळी वर्षं बागेच्या उत्पन्नावर स्वतःचं भागवलं. संत्र्याचा मृग बहार आला की एक पेटी भांडीवाल्या बाईच्या घरी जायची, न चुकता.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
धरमपेठ, नागपूर