एकच हार्मोन, पण प्रत्येक अवयवात काम वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागे थायरॉईडवर लेख आला होता तो वाचला. वजन का वाढतं, कोबी खावा की नाही, गोळी उपाशीपोटी कशी घ्यायची, हे सगळं होतं आणि ते कामाचंच आहे, पण हा हार्मोन हृदयात जाऊन काय करतो, लिव्हरमध्ये काय, स्नायूंत काय, याबद्दल एक ओळही नव्हती. हे माहीत नसल्यामुळे आमच्या घरात दीड वर्ष वाया गेलं म्हणून लिहितेय.

आईचं वय ६८. आधी पायात गोळे यायला लागले, जिना चढला की मांड्या भरून यायच्या. मग बद्धकोष्ठता, मग आवाज घोगरा, सकाळी चेहरा सुजल्यासारखा. रक्त तपासलं तर कोलेस्ट्रॉल वाढलेलं, त्याची गोळी सुरू केली तर पाय अजूनच दुखायला लागले, मग हाडांचे डॉक्टर, पोटाचे वेगळे, आवाजासाठी कान-नाक-घशाचे. नाडी ५२ होती तर जो तो म्हणाला, छान आहे की! शेवटी ओळखीतल्या एका जुन्या फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या फायली टेबलावर मांडल्या आणि टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून या म्हणाले. आला ७० च्या वर, म्हणजे थायरॉईडचा हार्मोन फारच कमी पडत होता.

मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. ‘थायरॉक्सिन चयापचय वाढवतं’ हे वाक्य मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय आणि त्यात एवढं काय काय दडलंय हे मला आईच्या आजारपणात समजलं, याचं वाईट वाटतं.

तर गोष्ट अशी आहे की गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ (म्हणजेच थायरॉक्सिन) सोडते, ज्यात आयोडीनचे ४ अणू असतात. पेशीत खरं काम करतो तो टी-३. आणि शरीरातला जवळजवळ ८० टक्के टी-३ हा ग्रंथीत बनतच नाही, तो बाहेर वेगवेगळ्या अवयवांत टी-४ मधला एक आयोडीन काढून बनतो. १९७० मध्ये अमेरिकेत ज्यांची ग्रंथी काम करत नव्हती अशा लोकांना फक्त टी-४ दिलं तरी त्यांच्या रक्तात टी-३ सापडला, तेव्हा हे पक्कं झालं. हे काम करणारी एन्झाइम्स म्हणजे डिआयोडिनेज, तीन प्रकारची. पहिलं लिव्हर आणि किडनीत. दुसरं मेंदूत, पिट्युटरीत, बाळांच्या तपकिरी चरबीत, ते त्या त्या पेशीपुरता टी-३ तिथल्या तिथे बनवतं. तिसरं उलटं, हार्मोन निकामी करतं, आणि गर्भाच्या वारेत (प्लासेंटात) ते भरपूर असतं म्हणजे आईचा हार्मोन बाळाकडे गरजेपेक्षा जास्त जात नाही. दुकानातून सगळ्यांकडे गहू एकच येतो पण जाड दळायचं की बारीक ते ज्याच्या त्याच्या घरी ठरतं, तसंच आहे हे.

पुढे रिसेप्टर, म्हणजे पेशीत हार्मोन ज्याला चिकटतो ती प्रथिनं, तेही दोन जातींचे. हृदय, हाडं, आतडं इथे अल्फा जास्त, लिव्हरमध्ये बीटा. आता आईच्या तक्रारी बघा. हृदयाच्या पेशीत टी-३ कमी पडला की ठोके मंदावतात, ती ५२ ची नाडी. लिव्हरमध्ये कमी पडला की रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात, म्हणून कोलेस्ट्रॉल. स्नायू उशिरा सैल पडतात, दुखतात, आणि अशा वेळी कोलेस्ट्रॉलची स्टॅटिन गोळी दिली तर स्नायूंचा त्रास वाढायची शक्यता जास्त असते. कातडीखाली आणि स्वरयंत्रात पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात, म्हणून चेहरा आणि आवाज. आतड्याची हालचाल मंद म्हणून पोट. पाच ठिकाणी पाच डॉक्टर शोधत होते ते एकच होतं.

वर्गात सांगायला मला सगळ्यात आवडतं ते १९१२ चं उदाहरण. गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने टॅडपोलना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली तर ते वेळेआधीच बेडूक व्हायला लागले. त्याच हार्मोनने शेपटीच्या पेशी मरतात आणि पायाच्या पेशी वाढतात!

आता एक काळजीची गोष्ट. आमच्या ओळखीत दोघीतिघी वजन उतरावं म्हणून टीएसएच नॉर्मल असताना कुणाची तरी थायरॉईडची गोळी घेतात. गोळीला कसं कळणार की फक्त चरबीत जायचं, ती हृदयातही जाते, हाडांतही जाते, ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. फक्त लिव्हरमध्ये काम करावं अशा औषधासाठी शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं घालवावी लागली, बीटा रिसेप्टरवर काम करणारं रेस्मेटिरोम मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही लिव्हरच्या आजारासाठी, बारीक होण्यासाठी नाही. आणि उलट बाजूला, दिवस गेले की घाबरून थायरॉईडची गोळी बंद करणाऱ्या मुली आहेत, त्यांनी तर कृपा करून तसं करू नये, पहिले तीन महिने बाळाच्या मेंदूची भिस्त आईच्याच टी-४ वर असते, बऱ्याचदा डोस वाढवावा लागतो, डॉक्टरांना लगेच विचारा.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत एक लेख एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (हार्मोनच्या डॉक्टरांकडून) फक्त यावर लिहून घ्या, एकेक अवयव घेऊन, हृदयापासून सुरू करा. कोलेस्ट्रॉल नव्याने वाढलेलं दिसलं तर गोळीआधी टीएसएच बघायचा, हे त्यात चौकटीत छापा.

थायरॉईडचे उपचार सुरू झाल्यावर आईची नाडी तिसऱ्या महिन्यात ६८ झाली, कोलेस्ट्रॉल उतरलं, पाय मोकळे झाले. आवाज मात्र सगळ्यात शेवटी आला, पाचव्या महिन्यात, आरती म्हणताना आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

आपली,
एक वाचक, सातारा