राक्षसपटांच्या यादीत जुन्यांनाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत हॅलोविनपर्यंत टीव्हीवर राक्षसपटांचा रतीब चालू असतो. आपल्या पुरवणीतली यादी वाचली. ‘तुंबाड’ आहे, याचा आनंद वाटला. पण जुने सिनेमे एकजात गायब!

१९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ वगळून कसे चालेल? तळ्याकाठी छोटी मुलगी राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफच्या हातात फुले देते, दोघे ती पाण्यावर सोडतात. फुले संपतात आणि फूल तरंगते तशी तीही तरंगेल, या भाबड्या समजुतीने तो तिलाच पाण्यात टाकतो. हा तुकडा कित्येक वर्षे कापलेला होता. तो नसला की प्रेक्षक भलतेच काही कल्पतो, आणि बिचारा जीव नराधम ठरतो.

तसाच १९५४ चा ‘गोजिरा’, म्हणजे मूळ जपानी ‘गॉडझिला’. त्या मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडली. नोव्हेंबरात, अशाच चाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसाचा हा सिनेमा आला. मात्र अमेरिकी वार्ताहर घुसवलेली १९५६ ची आवृत्ती नको, मूळ जपानीच पाहावी.

पुढच्या पुरवणीत या दोघांना जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी